गोदू पाणी आणायला गेली

चार बायका पुस्तक वाचायला जमल्या की पुस्तक मागं पडतं आणि किस्से साठत जातात, असा माझा अनुभव आहे. आमच्या गुरुवारच्या वाचन मंडळात गेल्या वर्षभरात वाचून झालं ते एकच पुस्तक. किस्से मात्र इतके झालेत की नवरा म्हणतो, आता त्यांच्यासाठी वेगळं कपाट कर.

नवरा दातांचा डॉक्टर आहे. पडेगावच्या रस्त्याला त्याचा दवाखाना आहे आणि गुरुवारी दुपारी तो बंद असतो. तेव्हा त्याची वेटिंग रूम आमची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र आणि त्याखाली आम्ही चौघी. एक मी. दुसरी शबाना, शाळेत शिकवते आणि तिनं नुसतं "बसा" म्हटलं तरी माणूस उभ्या उभ्या पाढे आठवायला लागतो. तिसरी फुलंब्रीहून बसनं येणारी प्रतिभा, जिचं स्वतःचं शेत आहे आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत आहे. आणि चौथ्या रजूताई.

रजूताईंचं वय साठीच्या पुढं. लग्न राहून गेलं, थोरल्या भावाकडं राहतात. त्या घरातलं कुणीही कुठंही निघालं की रजूताई सोबतीला. भाचीची परीक्षा असो, मावशीचं ऑपरेशन असो, कुणाचं बाळंतपण असो. एवढंच काय, पुतण्यानं पुण्यात घर घेतलं तेव्हा इथून पाठवलेल्या फ्रिजबरोबर टेम्पोत बसून त्या पुण्याला गेल्या. फ्रिजला सोबत हवी म्हणून! घरच्या सगळ्या लग्नांच्या अल्बममध्ये त्या सापडतात, पण कडेला, आणि हातात कुणाची तरी पर्स असते.

आता पुस्तकाविषयी. आमच्या आयांनी उशीखाली ठेवून वाचलेली जुनी प्रेमाची कादंबरी, आपल्याच शहरात घडणारी. नाव सांगत नाही, कारण लेखकाचे नातू इथंच राहतात आणि दाढ दुखली की आमच्याकडंच येतात. नायक प्रभाकर, नायिका मालती. मालतीला एकटीला बाहेर सोडायचं नाही म्हणून तिची आई दर वेळी आतेबहीण गोदूला सोबत पाठवते. आणि लेखक दर वेळी गोदूला पाणी आणायला पाठवतो. पाणी नाही तर फुलं, फुलं नाही तर विसरलेला रुमाल. गोदू गेली रे गेली की चांदणं पडतं, दुपार असली तरी पडतं. प्रभाकर मालतीचा हात हातात घेतो आणि प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात सगळे आपापल्या घरी.

मी मोठ्यानं वाचत होते, तर प्रतिभानं मला मध्येच थांबवलं. "ते हात-बीत राहू द्या मॅडम. ती गोदू आली का नाय परत?"

मी पानं मागं उलटली, पुढं उलटली. गोदूचा पत्ता नव्हता.

रजूताई तोवर आमच्यात फारसं बोलत नसत. त्या हळूच म्हणाल्या, "ती तिथंच असते जवळपास. हाक मारल्याशिवाय यायचं नसतं."

त्यानंतर प्रभाकर-मालतीत कुणाचं लक्ष लागेना. त्याच दुपारी ठरलं की ही कादंबरी गोदूच्या बाजूनं आपण पुन्हा लिहायची आणि कॉलनीच्या समाजमंदिरात तिचं अभिवाचन करायचं. गोदू अर्थातच रजूताई वाचणार.

निघताना रजूताईंनी मला बाजूला घेतलं. पुण्याच्या पुतण्याच्या बायकोला दिवस गेले होते. बाळंतपणाला आणि पुढं बाळ शाळेत जाईपर्यंत रजूताईंनी तिकडंच राहायचं, असं दादांनी ठरवून टाकलं होतं. दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू.

"कधीही निघायला सांगतील," त्या म्हणाल्या. "त्याआधी एकदाच मला स्टेजवर खुर्चीत बसून वाचायचंय. मग मला कुठंही पाठवा."

म्हणजे लिखाणाची शर्यत आता पुण्याच्या बाळाशी होती.

* * *

लिहिण्याआधी जागा बघितली पाहिजे, असा शबानाचा हट्ट. मास्तरीणबाईच त्या. कादंबरीतली पहिली भेट मकबऱ्याच्या मागच्या अंगाला, चौथऱ्यावर होते. म्हणून एका गुरुवारी आम्ही तिथं. शबाना प्रभाकर, प्रतिभा मालती, रजूताई गोदू आणि मी दिग्दर्शक, म्हणजे सावलीत.

दोघी चौथऱ्यावर शेजारी शेजारी बसल्या. शबानानं घसा खाकरून म्हटलं, "गोदूताई, जरा पाणी आणता?" रजूताई रिकामी बाटली घेऊन निघाल्या. शबानानं प्रतिभाचा हात हातात घेतला आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यावरून एक गाइड दहा-पंधरा टुरिस्ट घेऊन वळला. तो शबानाचा जुना विद्यार्थी निघाला. बिचाऱ्यानं "सलाम टीचर" म्हटलं आणि सगळ्या टुरिस्टांना घाईघाईनं उलटं फिरवलं. "आइए, मीनार उधर से अच्छे दिखते हैं!"

हसून हसून आमचे डोळे भरून आले. मग लक्षात आलं की रजूताई अजून आलेल्या नाहीत. आधी आम्हाला कौतुक वाटलं, भूमिकेत शिरल्यात म्हणून. नंतर मात्र घाबरलो आणि शोधायला निघालो.

रजूताई दरवाजाजवळच्या झाडाखाली सापडल्या. कडेवर परक्याचं बाळ, खांद्याला तीन पर्स, आणि पायाशी कुणाच्या तरी आजीच्या चपला. जालन्याच्या एका जोडप्यानं "मावशी, जरा धरता का, एकच फोटो काढतो" म्हणून बाळ दिलं होतं. त्यांचा तो एकच फोटो काढत काढत ते पार पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचले होते. ते बघून बाकीच्यांनीही आपापलं सामान आणून दिलं होतं.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"आणलं होतं की. त्या आजींना दिलं."

शबाना म्हणाली, "लो, गोदू पाणी आणायला जाऊन काय करायची ते कळलं. आता लिहायला बसा."

* * *

लिहायला बसलो ती एक वेगळीच तऱ्हा झाली. प्रत्येकीनं एकेक प्रकरण लिहून आणायचं ठरलं होतं. प्रतिभाच्या गोदूनं पहिल्या भेटीत शेळी पाळली, दुसऱ्या भेटीत म्हैस, आणि प्रभाकर मालतीच्या डोळ्यांत बघत असताना तिकडं गोदूची विहीर खोदून तयार. मी म्हटलं, अगं, ही काय कृषी प्रदर्शनाची जाहिरात आहे का? तर म्हणते, "मंग काय नुसतं उभं राहायचं? त्यांचं प्रेम लई लांबलंय मॅडम, तेवढ्यात दोन पिकं निघत्यात."

शबानाच्या गोदूला मकबऱ्याच्या माळ्याची बायको लपूनछपून लिहा-वाचायला शिकवते आणि शेवटी गोदू मुख्याध्यापिका होते. ती प्रभाकरच्या मुलाला नापास करते. हा भाग फार रंगला होता.

मी माझ्या गोदूला एक टांगेवाला दिला. तरुण, देखणा, गाणं म्हणणारा. मला वाटलं, सगळ्या खूश होतील. पण प्रतिभानं गंभीरपणे विचारलं, "म्हंजे गोदू पण टांग्यात बसून फिरणार?"

"हो."

"मंग गोदूच्या सोबतीला कोण?"

मग रजूताईंनी त्यांचं प्रकरण वाचलं. ते प्रकरण कसलं, चारच ओळी होत्या. गोदू पाणी आणायला गेली. वाटेत झाड होतं, त्याखाली बसली. कुणी हाक मारली नाही. म्हणून आणखी थोडा वेळ बसली. बरं वाटलं.

आम्ही तिघींनी आपापली प्रकरणं परत घेतली. प्रतिभानं विहीर तेवढी राहू द्या म्हणून हट्ट धरला, तर ती ठेवली आणि रजूताईंचं झाड तिच्या काठावर लावलं. पुढचं सगळं लिखाण त्या झाडाखालून सुरू झालं.

* * *

एका गुरुवारी आम्ही मालती घर सोडून पळून जाते तो प्रसंग बसवत होतो. शबानाचा प्रभाकर तळमळत होता, प्रतिभाची मालती "मला हितं टाकून जाऊ नगा" म्हणून हुंदके देत होती. मालतीनं असं बोलायचं नसतं हे मी सांगून सांगून थकले होते. तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. शेंद्र्याच्या कारखान्यातला, अंगावर युनिफॉर्म, गाल टम्म फुगलेला. दवाखाना बंद आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तो खुर्चीत बसूनही गेला. त्याला वाटलं, आत कुणाची तरी दाढ निघतेय आणि बाहेर नातेवाईक रडतायत.

मी वर घरी फोन केला. डॉक्टर जेवत होते, म्हणाले येतो. आम्ही वाचन पुढं चालू ठेवलं. गोदूचा भाग आला. रजूताई वाचायला लागल्या तसा तो माणूस गालावरचा हात काढून ऐकायला लागला.

डॉक्टर खाली आले. "चला, आत या," म्हणाले.

"दोन मिंटं थांबा ना डॉक्टर," तो फुगलेल्या गालातून म्हणाला. "त्या बाईला घरी कोण सोडतंय ते कळू द्या."

डॉक्टरच्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पेशंटनं त्याला थांबवायची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी तो माझ्याशी नीट बोलला नाही.

* * *

आमची बैठक रंगात आली की फोन यायचा. रजूताईंच्या वहिनीचा. "रजू आहे का तिथं? तिला म्हणावं, दळण आणायचंय." वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. घराला शिस्त त्यांची. आम्ही त्यांना जाम टरकून होतो.

एके दिवशी फोनऐवजी वहिनीच आल्या. हे वाचन मंडळ म्हणजे नक्की काय प्रकार आहे ते बघायला. किडलेल्या दाढेच्या चित्राखाली ताठ बसल्या. प्रतिभानं दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवाला हात लावला नाही. रजूताईंनी मात्र नेहमीसारखं वाचलं. उलट जरा मोठ्यानंच.

वाचन संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्या मालतीच्या आईचं मला काही कळत नाही. एवढी जन्मभर सोबत दिली, तरी पोरगी पळाली ती पळालीच. मग त्या दुसरीला कशाला राबवलं?"

शबानानं पटकन ते वाक्य लिहून घेतलं आणि मालतीच्या बापाच्या तोंडी घातलं.

मी वहिनींना गेटपर्यंत सोडायला गेले. त्या एकदम थांबल्या. "आमचं नवीन लग्न झालं तेव्हा सासूबाई आम्हा दोघांना एकटं कुठं सोडत नसत," त्या म्हणाल्या. "वेरूळला गेलो तरी रजू सोबत. तेव्हा ती एवढीशी होती, परकरातली."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की तेव्हा तशीच पद्धत होती.

"पाणी आणायला मीच पाठवायचे तिला," वहिनी म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

* * *

अभिवाचनाची तारीख ठरली, रविवार सकाळ. व्हॉट्सॅपवर निमंत्रण फिरलं. आणि दोनच दिवसांत पुण्याहून फोन आला की डॉक्टरांनी सूनबाईंना झोपून राहायला सांगितलंय, आत्याला पाठवा. दादांनी गाडी ठरवली. त्याच रविवारी, त्याच सकाळी.

मी आणि शबाना दादांना भेटायला गेलो. दादा म्हणजे अत्यंत सभ्य माणूस. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी घरात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला, तो रजूताईंनी आणला. दादांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि कौतुकही केलं. स्त्रियांनी लिहिलंच पाहिजे, जुन्या साहित्याकडं नव्या नजरेनं बघितलंच पाहिजे, असं बरंच बोलले. मला वाटलं, जिंकलो.

"फक्त रविवारचं तेवढं बघा," दादा म्हणाले. "तिथं कुणीतरी सोबतीला हवं ना. तुम्ही गोदूसाठी दुसरं कुणीतरी घ्या. तशी लहानच भूमिका आहे ती."

एक दिवस उशिरा निघालात तर, असं शबानानं विचारून बघितलं. दादांनी तितक्याच सभ्यपणे पुन्हा तेच सांगितलं. रजूताईंनी कप गोळा केले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. शेजारच्या खोलीत पलंगावर रजूताईंची बॅग भरायला घेतलेली दिसत होती.

मला इतका राग आला होता की जिन्यात पाय आपटत उतरले. शबाना मात्र विचारात. खाली आल्यावर म्हणाली, "सुनंदा, मला वाटतं ती कादंबरी ह्याच माणसानं लिहिलीय."

* * *

रविवारी समाजमंदिर भरलं. प्रतिभानं फुलंब्रीहून जीपभर माणसं आणली होती. गोदूचं वाचन मी करायचं असं आम्ही ठरवलं होतं, पण त्या चार ओळी मला रजूताईंसारख्या वाचताच येत नव्हत्या.

सुरू व्हायच्या जरा आधी रजूताई आल्या. धुवट साडी, केसात अबोलीचा गजरा. कशा आल्या, कुणाला विचारून आल्या, काही सांगितलं नाही. सरळ स्टेजवर जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या. मी माझे कागद त्यांच्या हातात दिले आणि आनंदानं विंगेत पळाले. शबाना आणि प्रतिभानं सवयीनं आपापल्या पर्स त्यांच्या मांडीवर ठेवल्या. रजूताईंनीही सवयीनं धरल्या.

पडदा उघडला, बघते तर तिसऱ्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर रजूताईंची प्रवासाची बॅग. म्हणजे इथूनच, हाताला धरून, थेट गाडीत. मी शबानाला खूण केली, तिनंही बघितलं होतं.

वाचन सुरू झालं. लोक हसत होते, टाळ्या देत होते. प्रतिभाच्या मालतीला तर फुलंब्रीकरांनी शिट्ट्या मारल्या. आणि मग, गोदू झाडाखाली बसते तिथंच, स्टेजवर फोन वाजला.

रजूताईंचा. तो त्यांच्या स्वतःच्या धरून मांडीवरच्या तीन पर्सपैकी एकीत होता आणि रिंगचा आवाज पूर्ण मोठा. त्यांनी एक पर्स उघडली, दुसरी उघडली, तिसरीत सापडला. बंद करायच्या ऐवजी सवयीनं स्पीकरवर उचलला. आणि समोर माइक.

"रजू, अगं गाडी कधीची उभी आहे," सगळ्या सभागृहात दादांचा आवाज घुमला. "कुठं आहेस तू?"

"समाजमंदिरात."

"कुणाच्या सोबतीला?"

रजूताईंनी मांडीवरच्या पर्स एकेक करून खाली ठेवल्या.

"कुणाच्याच नाही, दादा. मी माझी आलेय."

"म्हणजे? आणि तुझी बॅग कुठाय?"

"ते वहिनीला विचार. मी वाचतेय." त्यांनी फोन बंद केला.

लोकांना वाटलं, हे सगळं लिहिलेलंच आहे. टाळ्यांचा नुसता कडकडाट! रजूताईंनी तो थांबू दिला, चष्मा सारखा केला आणि कागदावर बोट ठेवून कुठवर आलो होतो ते शोधायला लागल्या.

ओळ सापडली. त्यांनी श्वास घेतला आणि तिसऱ्या रांगेत फोन वाजला.

सगळं सभागृह मागं वळलं. वहिनींनी शांतपणे पर्समधून फोन काढला, कानाला लावला.

"हो, बॅग माझ्याकडंच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढं पुण्याला. तिथं कुणीतरी सोबतीला हवं ना... मी? मी इथं रजूच्या सोबतीला आलेय."